यादीत नसलेलं पान

नवं पान चढवायचं म्हटलं की माझ्या कपाळाला आठ्या पडायच्या. हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, तेव्हाची गोष्ट. वसमतच्या एका संस्थेत मी कॉम्प्युटरवर होते. शेतीची आणि जनावरांची माहिती देणारी आमची वेबसाइट होती. हळदीची लागवड, कपाशीवरची कीड, मेंढरांच्या लसी, असं सगळं. काही गावांत संस्थेनं एकेक कॉम्प्युटर आणि तो चालवणारा माणूस बसवला होता. लोकांनी जाऊन विचारायचं, त्यानं वाचून दाखवायचं.

वेबसाइट म्हणजे तेव्हा नुसता पानांचा गठ्ठा. नवं पान करायचं तर जुनं उघडायचं, वेगळ्या नावानं ठेवायचं, आतला मजकूर काढून नवा टाकायचा. इथवर ठीक. पण प्रत्येक पानाच्या डाव्या कडेला सगळ्या पानांची यादी होती आणि ती प्रत्येक पानात वेगवेगळी हातानं लिहिलेली. एक पान वाढलं की जुनी त्रेचाळीस पानं एकेक उघडून प्रत्येकात तीच एक ओळ घालायची. मग टेलिफोनच्या लाइनवरून सगळी परत चढवायची. मधेच लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. कुरुंद्याहून एसटीत उभ्यानं यायचं आणि दिवसभर हे करायचं. साहेबांना वाटायचं, ही तर बसून असते, हिला कसली आलीय तकलीफ.

बाजाराच्या दिवशी एक मावशी ऑफिसात यायच्या. जन्म मेंढरांमागं गेलेल्या, पायांना भेगा, जीभ धारदार. त्यांची लेक डोंगरकड्याला दिलेली. जावयाच्या घरानं मेंढरं सोडून पिढी झाली होती, आता त्यानं सहा शेळ्या नव्यानं घेतल्या होत्या. मावशींचा जीव त्या शेळ्यांत अडकला होता, कारण लेकीचा संसार त्यांच्यावर उभा राहायचा होता.

कापलेल्या ज्वारीच्या धसकटाला पुन्हा कोवळे कोंब फुटतात. ते हिरवेगार दिसतात, पण उपाशी जनावरानं खाल्ले तर ते तासाभरात पाय झाडून मरतं. मेंढक्यांच्या लेकराला हे कळतं. जावयाला कळत नव्हतं. हे तुमच्या कंपूटरवर घाला, असं मावशींचं म्हणणं होतं.

मी म्हटलं, मग सांगा की त्याला, एवढ्यासाठी वेबसाइट काहून पाहिजे?

मावशी म्हणाल्या, "जावयाला सासूनं शिकवावं व्हय? लेकीला जड जाईल ते. कंपूटरनं सांगितलं तर त्याला राग येणार न्हाई."

बरं बाई, म्हटलं. दोन बाजार बसून त्यांनी सगळं सांगितलं. कोंब केवढे असले की बाधतात, पाऊस नसला की कसे जास्त बाधतात, जनावर कसं थरथरतं. मी लिहून घेतलं, संस्थेच्या गुरांच्या डॉक्टरांना दाखवलं. ते बराबर आहे म्हणाले. एका सकाळी पान चढवलं आणि यादीची ओळ घालायला पहिलं जुनं पान उघडलं, तेवढ्यात साहेब आले. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून म्हणाले, आज अमावस्या, नवीन नाव यादीत आज नको, उद्या घाला. साहेब अमावस्येला नवा खडूसुद्धा काढत नसत. खरं सांगते, मला बरंच वाटलं. त्रेचाळीस पानं उद्यावर गेली.

दुसऱ्या दिवशी टेलिफोन बंद. तो चार दिवस बंदच राहिला. मग हिंगोलीच्या बैठकीचा अहवाल मानगुटीवर बसला. पुढच्या बाजारी मावशी आल्या, पान चढलं का विचारलं. मला त्या पानाचा पत्ता पाठ होता, तो टाकला, पान उघडलं आणि त्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. मावशींनी पदरानं तोंड पुसलं. डोंगरकड्याला लेकीला निरोप धाडते म्हणाल्या, की शेळ्या रानात सोडायच्या आधी जावयानं तिथल्या कंपूटरवाल्याला विचारावं, सगळं लिहून ठेवलंय.

माझ्या डोक्यातून ते पान निघून गेलं. डोळ्यांनी बघितलं होतं ना, मग झालं काम.

ज्वारीची कापणी होऊन गेल्यावर मावशी आल्या त्या बाजाराच्या दिवशी नव्हे. दारातच बसल्या. सहापैकी पाच शेळ्या गेल्या, त्यात दोन गाभण होत्या. एका दुपारीच. मला काय सुचावं? मी तडकले. म्हटलं, तुमच्या जावयाला एवढं सांगून ठेवलं होतं, दोन पावलं जाऊन विचारायला काय झालं होतं त्याला?

"गेला होता," मावशी म्हणाल्या. "दोनदा गेला. तिथला माणूस म्हणाला, यादीत असं काही न्हाई. म्हणून सोडल्या त्यानं."

मी खुर्ची ओढून यादी उघडली. हळद होती, कपाशी होती, लसी होत्या. ज्वारीच्या कोंबांची ओळ कुठंच नव्हती. आम्ही पान तर चढवलं होतं, पण त्याच्यापर्यंत जायचा रस्ताच ठेवला नव्हता. डोंगरकड्याच्या माणसाला ते दिसणार कुठून?

मावशींना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या जमिनीकडे बघत हळूहळू बोलत होत्या.

"चूक माझीच हाय बाई. मी माझ्या तोंडानं सांगायला पाहिजे होतं त्याला. सासू वाईट झाली असती, शेळ्या तर राहिल्या असत्या."

एरवी मी कुणाचं ऐकून घेत नाही. शेजारीण, कंडक्टर, साहेब, सगळ्यांना तोंडावर बोलते. त्या दिवशी 'मावशी, चूक माझी आहे' एवढे चार शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत. मी त्यांना पाणी दिलं. त्या ते प्यायल्या, मला सुखी राहा म्हणाल्या आणि उठून गेल्या. मग मी त्रेचाळीस पानं एकेक उघडून प्रत्येकात ती ओळ घातली.