पडलेली भिंत आणि ट्रॅक्टरची सीट

लोक मला खुनाच्या, दरोड्याच्या तपासाबद्दल विचारतात. माझ्या डोक्यात मात्र एका स्वयंपाकघराची पडलेली भिंत अजून तशीच आहे.

तेव्हा मी जानेफळच्या बाजूच्या एका ठाण्यात ठाणेदार होतो. उन्हाळा नुकताच लागला होता. सकाळची हजेरी आटोपली आणि साठीच्या एक बाई समोर येऊन बसल्या. अंगणवाडी सेविका म्हणून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. आदल्या दिवशी त्या बहिणीकडे लोणारला गेल्या होत्या. संध्याकाळच्या बसने परतल्या, तर मागची भिंत आत कोसळलेली.

"भितीला लागूनच माही खाट हाय, साहेब. रोज दुपारी मी तिथंच पडत असते."

"कोणावर संशय?"

"नाई."

"तक्रार लिहून घेऊ?"

"केस करायची का नाई, ते मंग ठरवू. आधी मले तो माणूस पाहायचा हाय."

नोकरीत अशी मागणी मी पहिल्यांदाच ऐकत होतो. स्टेशन डायरीला नोंद केली आणि बीट अंमलदाराला घेऊन पंचनाम्याला गेलो.

मागच्या गल्लीत ट्रॅक्टरच्या चाकांचे ठसे होते. धडक कशाने बसली ते उघड होतं. कोडं आत होतं. विटा खाटेवर पडायला हव्या होत्या. त्या खाटेच्या बाजूला, जमिनीवर पडल्या होत्या. अंथरुणावर चुरा होता, पण वीट एकही नव्हती.

"विटा तुम्ही काढल्या?"

"म्या हातही लावला नाई."

चोरी म्हणावी तर डबे, भांडी, कपाट जागच्या जागी. मग आत शिरून एवढ्या विटा कोणी आणि कशासाठी उचलल्या? हा प्रश्न मी घरी जेवतानाही सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी खबर मिळाली ती पिठाच्या गिरणीवाल्याकडून. भिंत पडली त्या दुपारी वीज गेली होती, गिरणी बंद होती, म्हणून त्याला बाहेरचा आवाज ऐकू आला. फाटक्या सायलेन्सरचा ट्रॅक्टर, मग धप्प असा आवाज, मग बराच वेळ शांतता, मग पुन्हा तोच ट्रॅक्टर. तसा ट्रॅक्टर गावात एकच होता. तीन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या बापलेकांचा.

मुलाला बोलावलं. चाळिशीचा, सहा फुटी माणूस. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, "साहेब, माह्या हातूनच झालं. वळवताना अंदाज चुकला. भीत बांधून देतो."

ठाणे अंमलदाराने जबाबाचा कागद पुढे ओढला. गुन्हा कबूल, माणूस समोर. मीही सही घेऊन मोकळा होणार होतो. सहज विचारलं, "विटा कशाला उचलल्यास?"

त्याने उलट मलाच विचारलं, "कोणत्या विटा?"

मी कागद बाजूला ठेवला आणि त्याच्यासोबत त्याच्या घरी गेलो. ट्रॅक्टर अंगणात उभा होता, पुढचा बंपर वाकलेला. दारातल्या बाजेवर त्याचे वडील बसले होते. पंच्याहत्तरी उलटलेले, बुटके, किडकिडीत. आम्हाला पाहून त्यांनी हात पंच्याखाली घेतले.

"त्या दिवसानंतर ट्रॅक्टर काढलास?" मी मुलाला विचारलं.

"नाई साहेब. तवापासून इथंच हाय."

"मग वर बस. चालवायला बसतोस तसा."

तो चढला. सीट पार पुढे ओढलेली होती. त्याचे गुडघे स्टेअरिंगला अडकले, पाय क्लचवर नीट जाईना.

"उतर बे खाली," बाजेवरून आवाज आला. "म्याच चालवला, साहेब."

डोळ्यांच्या ऑपरेशननंतर घरच्यांनी त्यांचं ट्रॅक्टर चालवणं बंद केलं होतं, परवान्याची मुदतही संपली होती. त्या दुपारी घरात कोणी नव्हतं. "हात अजून चालतात का, तेवढंच पाहायचं व्हतं," ते म्हणाले. मुलाला हे रात्री कळलं होतं. या वयात बापाला ठाण्यात बसावं लागू नये म्हणून त्याने सगळं स्वतःवर घेतलं होतं.

मी बाईंना कायदा सांगितला. चुकून झालेल्या नुकसानीचा दिवाणी दावा त्या करू शकत होत्या, आणि पुरावा पक्का होता. त्या म्हणाल्या, "त्याहीले घरी आणा."

म्हातारबा पडलेल्या भिंतीसमोर उभे राहिले. बाईंनी एकच विचारलं, "काकाजी, मी खाटेवर राह्यली असती तं?"

त्यांनी पंच्यातून हात बाहेर काढले. बोटं सोललेली, दोन नखं काळीनिळी. "तेच वाटलं मले. हाका मारल्या, तुमी ओ देल्ली नाई. मंग विटा काढत गेलो. खाट रिकामी दिसली तवा जीवात जीव आला. मंग भेव वाटला, अन् घरी गेलो."

"दुसऱ्या दिवशी काऊन नाई आले?"

"लाज वाटली, बाई."

बाईंनी ती बोटं पाहिली. मग आत जाऊन हळद घेऊन आल्या.

"केस नाई करत," त्या मला म्हणाल्या. "पण त्याहीचा जबाब लिहून ठेवा, साहेब. पंधरा दिवसांत भीत उभी राह्यली नाई, तं कोर्टात जाईन."

तसा जबाब घेतला. परवाना संपलेला असताना ट्रॅक्टर चालवल्याची कारवाई वेगळी झाली, ती मी टाळली नाही. मुलाने आणि गवंड्याने मिळून आठ दिवसांत भिंत उभी केली.

तोवर मी असं धरून चाललो होतो की कबुली मिळाली म्हणजे तपास संपला. विटांबद्दल विचारलं नसतं, तर त्या दिवशी एका खोट्या कबुलीवर मी सही घेतली असती. भिंत तेव्हाही बांधली गेली असती, कागदही बिनचूक झाले असते. पण आपण घरात असतो तर तो माणूस आपल्याला विटांखाली सोडून गेला असता का, हे त्या बाईंना कधीच कळलं नसतं. आणि त्या केस करायची की नाही हे विचारायला आल्याच नव्हत्या. त्या एवढंच विचारायला आल्या होत्या.