आईची विळी आणि माझा नियम

आमच्या मुलीच्या शाळेच्या फाटकावर हत्यारासह पकडून बाहेर काढलेला पहिला माणूस मी. त्या शाळेत हत्यारबंदीचा नियम लिहिणारा माणूसही मीच.

मी इंग्लंडमध्ये ब्रॅकनेलला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि शाळेचा पेरेंट गव्हर्नर, म्हणजे पालकांनी कमिटीवर निवडून दिलेला प्रतिनिधी. (विरोधात कोणी उभंच नव्हतं, पण निवडून ते निवडून.) कमिटीत छाप पाडणं भाग होतं. अशात कोणा आईनं वाढदिवसाच्या केकसोबत चांगली हातभर लांब सुरी पाठवली आणि मला मुद्दा सापडला. शाळेच्या आवारात पातं असलेली कुठलीही वस्तू आणायची नाही, असा नियम मी मांडला. मिसेस पेंब्री, आमच्या हेडटीचर, म्हणाल्या, "काही अपवाद ठेवू या का?"

"नो एक्सेप्शन्स," मी टेबलावर बोट आपटून म्हणालो. तेव्हापासून त्या शाळेत केक हातानं तोडून खातात.

मग चिपळूणहून माझी आई आली. इंग्रजी येत नाही म्हणून ती घराबाहेर फारशी पडली नाही. शेजारीण दिसली की दोघी एकमेकींकडे बघून हसायच्या आणि आपापलं दार लावून घ्यायच्या. परत जायला आठवडा उरला आणि शाळेची इंटरनॅशनल ईव्हनिंग आली. प्रत्येक घरानं आपला पदार्थ मांडायचा. आमच्या इरानं वर्गात आधीच जाहीर करून टाकलं होतं आणि घरी येऊन आम्हाला सांगितलं, "माझा आजी खमंग काकडी करणार आहे. इट्स द बेस्ट थिंग एव्हर." इराचं मराठी इथलं आहे, तिच्या मराठीत आजी कधी तो असते, कधी ती. पण टेबलावर तिनं स्वतः रंगवून आजीच्या नावाची पाटी लावली होती आणि आईनं त्यासाठी ठेवणीतली साडी नेसली होती. आईला इतकं खुशीत मी त्या मुक्कामात पहिल्यांदाच बघत होतो.

मी तिला सुचवलं होतं, "घरूनच चिरून नेऊ."

"काकडी चिरत नाहीत, चोचवतात," आई म्हणाली. "आणि घरून नेली की पाणी सुटतं. तुझ्या शाळेला काय सार वाढू?"

मला वाटलं, तिथे हातानं काहीतरी करेल. खमंग काकडी हातानं होत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. माहीत होतंही. पण गव्हर्नर झाल्यापासून मी बारीकसारीक गोष्टींत लक्ष घालत नव्हतो.

त्या संध्याकाळी बायकोची हॉस्पिटलात ड्यूटी होती आणि माझी फाटकावर. नारिंगी जॅकेट घालून येणाऱ्यांच्या बॅगा तपासायच्या, हे काम मी मागून घेतलं होतं. आईची जड पिशवी माझ्याच खांद्याला होती. लुका नावाचे एक इटालियन वडील तीन मोठे पिझ्झे घेऊन आले. त्यांच्याकडे पिझ्झा कापायचं ते चाकवालं यंत्र निघालं. मी ते जप्त केलं.

"पण मग पिझ्झा कापू कशानं?" लुका म्हणाले.

"नियम म्हणजे नियम, सर," मी म्हणालो. हे वाक्य म्हणताना माझा आवाज चक्क भारदस्त झाला होता.

लुका गेले नाहीत. ते माझ्या खांद्याकडे बघत उभे राहिले. "तुमची पिशवी कोण तपासणार?"

मागे रांग. समोर मिसेस पेंब्री. मी उदार हसलो, पिशवी उघडली आणि एकेक वस्तू फाटकाशेजारच्या बाकावर मांडू लागलो. काकड्या निघाल्या. दाण्याचं कूट निघालं. फोडलेला ओला नारळ, लिंबं, वाट्या-चमचे, घरून करून आणलेल्या मिरचीच्या फोडणीचा डबा. तळाशी एक जुना टॉवेल होता आणि टॉवेलात काहीतरी कडक लागलं. टॉवेल सुटला आणि आमची घडीची विळी बाकावर उघडून उभी राहिली. वीतभर वाकडं पातं, टोकाला नारळ खवायचे दात. रांगेतले दोघेतिघे मागे सरकले.

"आई!" मी ओरडलो.

"अरे, हळू. धार लागेल," आई म्हणाली. "नीट गुंडाळून आणली होती मी. कुणाला दिसू नये म्हणून तळाशी ठेवली."

हे वाक्य मी इंग्रजीत सांगितलं नाही.

"मिसेस पेंब्री," मी घाम पुसत म्हणालो, "हे स्वयंपाकघरातलं साधन आहे. म्हणजे, अशा वेळी एखादा अपवाद..."

"नो एक्सेप्शन्स, नितीन," त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या. टेबलावरचं बोटही त्यांच्या लक्षात असावं, कारण त्यांनी बाकावर हलकेच आपटून दाखवलं. लुकांनी टाळी वाजवली.

मी विळी, पिशवी आणि आईला घेऊन फाटकाबाहेर आलो. आतून इरा धावत आली. "बाबा, विळी बाहेर का गेला? टेबल एम्प्टी आहे! सगळे विचारतात आजी कुठे आहे." तिचे डोळे भरले होते. आई साडीचा पदर नीट करत राहिली, आणि मला माझ्या नियमाची आणि त्या नारिंगी जॅकेटची मनापासून लाज वाटली.

मग आईनं पायाखाली बघितलं. "ही जागा शाळेची का?"

"नाही. फाटकापर्यंत शाळा. हा फूटपाथ कौन्सिलचा."

"कौन्सिलला काकडी चालते?"

मी उत्तर देईपर्यंत तिनं फूटपाथवर टॉवेल अंथरला, विळी मांडली आणि पाटावर पाय दाबून बसली. उभ्या काकडीला पात्यावर टचटच खाचा पाडल्या, मग सर्रकन आडवा हात फिरवला. पात्याखाली काकडीचा चुरा पडू लागला. फाटकाला आतून मुलं चिकटली. दुसऱ्या काकडीला त्यांचे आईबाप चिकटले.

तिसऱ्या काकडीला पोलीस आला.

गल्लीत फिरणारा आडदांड गृहस्थ. त्यानं विळीकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि माझ्या जॅकेटकडे बघून मलाच विचारलं, "सार्वजनिक जागी एवढं पातं बाळगायला काही योग्य कारण?"

"आई, तो कारण विचारतोय."

आईनं मान वर न करता हातातली काकडी दाखवली. मग एका वाटीत चुरा, कूट, विळीवर खवलेलं खोबरं, लिंबू आणि वरून फोडणी घालून वाटी त्याच्या हातात दिली. त्यानं एक चमचा खाल्ला. मिरचीनं कानापर्यंत लाल झाला. त्यानं डोळे पुसले आणि वाटी पुढे केली.

"कारण योग्य आहे," तो म्हणाला. "आणखी थोडं मिळेल?"

मग कोणी थांबेना. वाट्या फाटकावरून आत जायला लागल्या, माणसं फाटकातून बाहेर यायला लागली. हॉलमधले इतर पदार्थ एकटे पडले. लुकांनी आपले पिझ्झे बाहेर आणले, आईनं एक पिझ्झा विळीवर धरून आठ तुकडे केले आणि लुकांनी तिचा हात हातात घेऊन इटालियनमध्ये बरंच काही सांगितलं. आईनं त्यांना मराठीत उत्तर दिलं. दोघांचं व्यवस्थित चाललं होतं. इरा पाटी घेऊन बाहेर आली आणि आजीच्या शेजारी मांडी घालून बसली. "धिस इज माय आजी," ती येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती.

शेवटी मिसेस पेंब्री स्वतः रांगेतून आल्या. रिकामी वाटी हातात धरून म्हणाल्या, "पुढच्या वर्षी हे साधन आत, हॉलमध्ये. मात्र एका जबाबदार प्रौढ व्यक्तीच्या ताब्यात."

मी जॅकेट नीट केलं आणि पुढे झालो. त्या मला वळसा घालून आईसमोर वाकल्या.

"आजी," इरानं भाषांतर केलं, "मॅडम म्हणतो तू आत ये. विळी पण."

आईनं विळीची घडी घातली, माझ्याकडे एकवार बघितलं आणि इराला म्हणाली, "विचार त्यांना, ह्याला आत सोडणार का?"

इरानं विचारलं. मिसेस पेंब्रींनी रिकाम्या वाटीवर हलकेच बोट आपटलं.