वरची घंटा खाली वाजेना

मंगळवार, १२ नोव्हेंबर. हवा कोरडी, वारा नाही. वन्संची घंटा अजूनही खाली वाजत नाही. सकाळी त्यांनी अंडं अर्धं टाकलं, म्हणजे मन थाऱ्यावर नाही. भोपू संध्याकाळी येणार. शुश्रूषागृहातली जागा घ्यायची की सोडायची, ते त्याला आजच कळवायचं आहे.

एवढं लिहून मामींनी पेनाला टोपण लावलं आणि स्वयंपाकघरातल्या टॅबलेटकडे अशा नजरेनं पाहिलं, की माणूस असतं तर मान खाली घालून उभं राहिलं असतं.

वन्सं म्हणजे मामींची नणंद. सगळी गल्ली त्यांना टेलिफोनबाई म्हणे. तरुणपणी नवरा गेला आणि कडेवरचं पोर घेऊन त्या भावाच्या घरी आल्या. महिनाभरात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चिकटल्या. कानावर हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात दोऱ्या. इकडची दोरी तिकडे खुपसायची आणि दोन माणसांची गाठ घालून द्यायची. रात्रपाळी असली की पोर मामींच्या कुशीत झोपायचं. मामींना स्वतःचं मूल नव्हतं. या पोराचा आवाज असा, की रडायला लागलं तर कोपऱ्यावरचा न्हावी वस्तरा थांबवायचा. त्याचं नाव भोपू पडलं ते तेव्हापासून. आता भोपूच्या डोक्यावर टक्कल आहे आणि तो दुसऱ्या गावात एका कारखान्याचे हिशेब बघतो.

एक्स्चेंजमध्ये यंत्रं आली, बोर्ड भंगारात गेला. वन्संनी मग एका दवाखान्याच्या चौकशीच्या खिडकीवर बसून नोकरी पुरी केली. तिथंही फोन उचलताना त्यांचा आवाज असा लागायचा, की पलीकडचं माणूस आपोआप नीट बोलायला लागे. गेल्या वर्षी डाव्या अंगावरून वारं गेलं. आवाज राहिला, पाय गेला. न्हाणीघर माडीवर, म्हणून वन्संही माडीवर. मामींचं स्वयंपाकघर खाली. मधे लाकडी जिना, आणि मामींचे कान आताशा दाराची कडीसुद्धा ऐकून न ऐकल्यासारखं करणारे. म्हणून भोपूनं युक्ती काढली होती. वन्संच्या उशाशी एक टॅबलेट, त्यावर मोठं लाल बटण. ते दाबलं की खाली मामींच्या टॅबलेटवर अशी घंटा वाजे, की कपाटातली भांडी थरथरत. घरच्या वायफायवरून वरचं यंत्र थेट खालच्याला हाक मारायचं.

सहा महिने सगळं सुरळीत चाललं. वरचा टॅबलेट जुना झाला, म्हणून परवा रविवारी भोपू नवा घेऊन आला, लावून दिला आणि दुपारच्या गाडीनं गेला. त्याच संध्याकाळी वन्संनी बटण दाबलं. खाली आवाज नाही. पुन्हा दाबलं. मग स्वतःच उठायला गेल्या आणि पलंग आणि खुर्चीच्या मधे पडल्या. मामी सूप घेऊन वर गेल्या तेव्हा त्या जमिनीवर बसून होत्या.

"केव्हापासून?" मामींनी वाटी खुर्चीवर ठेवली.

"लाइन व्यस्त होती," वन्सं म्हणाल्या.

लागलं फारसं नाही. पण ते भोपूच्या कानावर गेलं आणि सोमवारी सकाळीच त्याचा फोन आला. "मामी, तुम्ही पंचाहत्तरीच्या, आई सत्तरीची. कोणी कोणाला उचलायचं? तिथं रात्रंदिवस माणूस असतं. जागा राखून ठेवलीय. घंटा भरवशाची होणार असेल तर सांगा, नाहीतर मंगळवारी येऊन हो म्हणून टाकतो."

मामींना राग आला, पण तो गिळावा लागला. बरोबर बोलणाऱ्यावर रागावणं फार अवघड.

मंगळवारी दुपारची जेवणं झाल्यावर मामी कंबर कसून वर गेल्या. नव्या टॅबलेटवर वन्सं नातवंडांचे फोटो बघत होत्या.

"हा तर चालतोय ना?"

"घोड्यासारखा. सकाळी नात बोलली, तिचा पडलेला दात दाखवला. दोष तुमच्या खालच्याचा आहे, वहिनी. फोडणीचे शिंतोडे खाऊन खाऊन बहिरा झालाय. मालकिणीसारखा."

"मालकीण बहिरी असती तर तुमचे टोमणे कोणी ऐकले असते?"

मामींनी खाली जाऊन आपला टॅबलेट पुसला, बंद केला, चालू केला. त्यावर बातम्या लागल्या, बहिणीशी बोलणंही झालं. म्हणजे तोही ठणठणीत. घंटा मात्र नाही. मग त्यांनी बैठकीतला वायफायचा डबा बंद केला, थांबल्या, पुन्हा लावला. हिरवे दिवे लागले. वरून वन्संनी बटण दाबलं. खाली शुकशुकाट.

"जिना आड येत असेल," वन्संचं निदान. "जाड भिंत. आमच्याकडे ओल धरली की आवाज मरायचा."

मामी आपला टॅबलेट घेऊन वर आल्या आणि दोन्ही यंत्रं पलंगावर शेजारी शेजारी ठेवली. "आता दाबा. आता भिंत कुठंय?"

वन्संनी दाबलं. दोन्ही यंत्रं अबोला धरलेल्या जावांसारखी बसून राहिली.

वन्संनी नाक चोळलं. आपलं निदान चुकलं की त्या आधी नाक चोळत आणि मग विचार करायला लागत. एक्स्चेंजमध्येही असंच करायच्या म्हणे.

"वहिनी, एक सांगा. माझा बाहेर लागतो?"

"लागतो. दात दिसला ना."

"तुमचाही बाहेर लागतो?"

"लागतो."

"एकमेकींना मात्र लागत नाही. उशाशी उशी लावूनसुद्धा." वन्सं जरा उठून बसल्या. "मग तार ठीक आहे हो. आमच्याकडे एक गिरणी होती. मालकाला गावभर फोन लागायचा, गोदामातूनही बाहेर लागायचा, पण मालकाला गोदाम लागेना. तारवाले दिवसभर खांबांवर चढले. शेवटी निघालं काय, तर नव्या मुलीनं गोदामाची दोरी गिरणीच्या बोर्डावर न लावता बाहेरच्यांच्या बोर्डावर लावलेली. आणि बाहेरच्यांना आत सोडायचं नाही, हा तर नियमच. ती मुलगी रडली बिचारी."

"आपल्याकडे कुठला बोर्ड?"

"डब्याला विचारा. तो तुमच्या यजमानांनी लावलाय, मला काय ठाऊक!"

मामी बसल्या जागी थबकल्या. बोर्ड होता. एक नव्हे, दोन.

यजमानांनी जाण्याच्या आदल्या वर्षी वायफाय घेतलं तेव्हा डब्यावर दोन नावं करून घेतली होती. एक 'घर', दुसरं 'पाहुणे'. येणाऱ्याजाणाऱ्याला पाहुण्यांचा पासवर्ड. त्यावरून जगभर फिरावं, पण घरातल्या यंत्रांना हात लागू नये, अशी त्याची रचना. यजमान म्हणायचे, पाहुण्याला बैठक दाखवावी, कपाट दाखवू नये. पाहुण्यांचा पासवर्ड त्यांनी कार्डावर सुवाच्य लिहून बैठकीच्या खणात ठेवला. घरचा मामींना तोंडपाठ. तो त्यांनी आजवर कोणालाही सांगितला नव्हता. यजमानांचा शब्द तो शब्द.

मामींनी चष्मा सारखा केला आणि आपल्या टॅबलेटवर वायफायचं नाव काढलं. घर. मग वन्संचा हातात घेतला. पाहुणे.

"सापडलं," त्या म्हणाल्या, पण आवाजात आनंद नव्हता.

रविवारी भोपूनं बैठकीतून हाक मारली होती, "मामी, पासवर्ड?" आणि मामींनी कणकेच्या हातानंच उत्तर दिलं होतं, "खणात कार्ड आहे बघ." मीटर बघायला येणाऱ्याला देतात तेच उत्तर. जुना टॅबलेट यजमानांचाच, त्यावर घरचा पासवर्ड त्यांनीच घालून ठेवलेला, त्यामुळे इतके दिवस हा प्रश्न उठलाच नाही.

त्यांनी नव्या टॅबलेटवर 'घर' निवडलं आणि एकेक अक्षर पुटपुटत पासवर्ड घातला. वन्संनी लाल बटण दाबलं. पलंगावर इतकी मोठी घंटा वाजली, की वन्सं स्वतःच दचकल्या.

"अगंबाई! मेले होते ना मी आता!"

"मग शुश्रूषागृहाचा प्रश्नच मिटला असता," मामी म्हणाल्या, आणि दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

संध्याकाळी भोपू आला. चपला काढता काढताच त्यानं विषय काढला. "मामी, मी त्यांना आठ वाजेपर्यंत कळवतो म्हणालोय."

"आधी ऐक." मामींनी त्याला खुर्चीवर बसवलं आणि सगळं क्रमानं सांगितलं.

"म्हणजे आई पडली ती माझ्यामुळे?"

"तू तुला माहीत होता तो पासवर्ड घातलास. दुसरा मी तुला कधी दिलाच नाही."

भोपूनं वर पाहिलं. याच बैठकीत तो पाढे शिकला होता. "मला वाटलं, एकच आहे," तो हळूच म्हणाला.

मामींनी मग घरचा पासवर्ड सांगितला. भोपूनं फोन काढला आणि टंकला. तेवढ्यात स्वयंपाकघरात घंटा कडाडली. भोपू जिन्यावरून दोन दोन पायऱ्या टाकत धावला.

"काय झालं, आई?"

"काही नाही. कोण आधी येतं ते बघत होते."

"असं उगीच दाबशील तर खरं कोण येईल?"

"तू आलास की."

भोपू पलंगाच्या काठावर बसला. त्यानं बटण चारदा दाबून पाहिलं, दार लावून पाहिलं, मामींना अंगणात पाठवून पाहिलं. घंटा दर वेळी वाजली. मग फोन करून तो म्हणाला, "जागा दुसऱ्या कोणाला द्या. हो, नक्की." फोन ठेवून आईकडे वळला. "पण एकटीनं उठायचं नाही. आणि दिवसा कामाला एक बाई ठेवायची. ते ठरलं तरच."

"बाई ठेव. बोलकी बघ. वहिनींशी बोलून बोलून माझा घसा बसतो."

"मी इथंच उभी आहे हो," दारातून मामी म्हणाल्या.

भोपूची शेवटची गाडी एव्हाना गेली होती. ते त्याच्याही लक्षात होतं आणि मामींच्याही.

मामींनी डायरी उघडली आणि सकाळच्या ओळींखाली लिहिलं: मधल्या खोलीतल्या पलंगावर धुतलेली चादर घातली. उशीचा अभ्रा सापडला नाही, टॉवेल गुंडाळला.