धुराकडे बघणारा माणूस

त्यांना सगळे सेकंदकाकाच म्हणायचे. खरं नाव रेशनकार्डावर असेल तेवढंच. धंदा घड्याळदुरुस्तीचा. दुकान एवढंसं, की गिऱ्हाईक आत आलं तर काकांनी पाय आखडून घ्यायचे. पण खणात स्टॉपवॉचचं अख्खं खानदान! डोळ्यावर भिंग चढवलं की हात चालायचे आणि तोंडही.

“सुरुवात वैद्यांपासून बरं का,” काका सांगायचे. “नाडी मोजायला सेकंद हवेत, म्हणून कुणीतरी काटा थांबवायची दांडी बसवली. मग आले घोड्यांचे शौकीन. त्यांच्या घड्याळात काटा चक्क तबकडीवर शाईचा ठिपका टाकायचा. घोडा पोचला, ठिपका पडला! नंतर बटण आलं, दाबलं की काटा मुकाट शून्यावर. पुढे सेल आला, आकडे आले. आता तर फोनमध्येच.” गिऱ्हाईक बिचारं पट्टा बदलायला आलेलं असायचं. पट्टा बदलून व्हायचा, गोष्ट संपायची नाही.

घरी काकू म्हणायच्या, “यांना वेळ विचारा, तिचा जन्मसुद्धा सांगतील. जेवायला या म्हटलं की मात्र ऐकू येत नाही.”

शर्यतींच्या दिवशी काका दुकान बंद करून मैदानावर जात. अंतिम रेषेजवळच्या लाकडी पायऱ्यांवर, गळ्यात किल्लीचं स्टॉपवॉच लटकवून, तीस वर्षं तीच जागा. आणि नियम एकच. शर्यत सुरू करून देणाऱ्याच्या पिस्तुलाचा धूर दिसला की बटण दाबायचं, आवाजाची वाट बघायची नाही. शंभर मीटर चालून यायला आवाजाला सेकंदाचे तीन दशांश लागतात, धूर तत्क्षणी दिसतो.

या मैदानाच्या भिंतीवर विक्रमांचा फलक आहे. त्यावर मुलींच्या शंभर मीटरपुढे वीस वर्षं एकच आकडा : बारा पूर्णांक चार. तो काकांच्या लेकीचा, आणि घड्याळ काकांच्या हातातलं. तेव्हाही कुजबुज झाली होतीच, बापच वेळ लावतोय म्हटल्यावर काय! काकांनी कानाआड केली होती.

यंदा मैदानावर यंत्र आलं. रेषेवर कॅमेरा, पिस्तूलही नवं, वायर जोडलेलं. पहिली शर्यत मुलींची. यंत्र म्हणालं तेरा पूर्णांक एकेचाळीस. काकांचं घड्याळ म्हणालं बारा पूर्णांक नऊ.

यंत्रवाल्याने चष्मा वर सरकवला. “काका, सुरुवातीला बोट जरा उशिरा दाबतं, म्हणून हाताच्या घड्याळाला पाव सेकंदाची सूट असते, कबूल. पण हा अर्धा सेकंद! याला हात नाही म्हणत, माया म्हणतात.”

चारजण हसले. मैदानाचे प्रमुख हसले नाहीत. ते फलकाकडे बघत म्हणाले, “संध्याकाळी रंगारी येतोय. तुमच्या हाताने लावलेल्या जुन्या वेळा ठेवायच्या की पुसायच्या, ते त्याआधी ठरवू.”

काका पायरीवर जाऊन बसले. लेक याच मैदानावर खेळाची शिक्षिका. ती जवळ येऊन बसली.

“बाबा, पुसला तर पुसला. मी धावले ते धावलेच ना?”

“तू धावलीस गं. मी काय केलं, ते आठवतोय.”

तीस वर्षं आपलं बोट खोटं बोललं की काय? काकांनी चष्मा पुसला आणि नुसतं बघत बसले. समोर मुलांची शर्यत सुटत होती. मुलं उसळली. मग आवाज आला.

आधी मुलं. मग आवाज.

“अगं, धूर कुठाय?” काका ताडकन उठले. “या नव्या पिस्तुलाला धूरच नाही! मी आपला धुराची वाट बघत उभा. धूर येईना, आवाज आला, गडबडीत बोटाने बटण दाबलं. मी कानाने दाबलं गं, कानाने! तीन दशांश उशिरा!”

काका थेट प्रमुखांपुढे गेले. “साहेब, एकच शर्यत. एका हातात जुनं पिस्तूल, एका हातात नवं. दोन्ही एकदम उडवायची. नाही जुळलं तर रंगाचा डबा मी धरतो.”

पिस्तूलवाला दोन्ही हात वर करून उभा राहिला. “मी शर्यत सोडतोय की शरण येतोय?” तो ओरडला. मैदान खदखदलं.

बार झाला. पांढरा धूर उठला. काकांचं बोट खाली गेलं. मुलं रेषेवर आली, बोट पुन्हा खाली.

यंत्र : अकरा पूर्णांक बासष्ट. काका : अकरा पूर्णांक चार.

“पाव सेकंदाच्या आत!” लेक ओरडली. यंत्रवाल्याने पुन्हा आकडे ताडून पाहिले, मग कान पकडले. “काका, माया मागे घेतो.”

प्रमुखांनी रंगाऱ्याला फोन लावला. “पुसायचं नाही. आहे तेच आकडे जरा ठळक कर.”

काकांना घरी जायला उशीर झाला. काकू दारातच उभ्या.

“कुठे होतात एवढा वेळ?”

“हरवलेला वेळ शोधत होतो.”

“सापडला?”

“सापडला की! शंभर मीटरच्या मधोमध पडला होता,” काका म्हणाले, आणि गळ्यातलं घड्याळ काढून खुंटीला लावून बोलावण्याआधीच पाटावर जाऊन बसले.