लेव्हलकाकांची सैल साखळी

चहाचा कप टेबलावर ठेवला तरी तो सपाट बसलाय का हे आधी वाकून बघणाऱ्या माणसाला लोक लेव्हलकाका म्हणणार नाहीत तर काय म्हणतील? बावीस वर्षं ते शाळेच्या मैदानाची निगा राखत होते. त्यांच्या छोट्या ट्रॅक्टरच्या मागे माती सपाट करणारं लोखंडी पातं होतं. प्रत्येक वळणावर ते उचलायचं, वळलं की पुन्हा खाली सोडायचं, आणि तेही सीटशेजारचा दांडा हाताने ओढून. दिवसातून दोनशे वेळा तरी. शेवटी उजव्या खांद्यानेच हात टेकले.

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी ट्रॅक्टर चालवायला परवानगी दिली, दांडा ओढायला नाही. शाळेच्या मॅनेजरबाई म्हणाल्या, "सोमवारी मैदान सपाट करून दाखवा. जमलं तर ठीक, नाहीतर स्टोअररूम सांभाळा." काकांचा जीव टांगणीला लागला. स्टोअररूममध्ये सपाट करण्यासारखं असतं तरी काय?

मदत मागणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. काकूंनीच परस्पर आपल्या धाकट्या बहिणीला फोन केला. ही मेहुणी मोटारीवर चालणाऱ्या व्हीलचेअर दुरुस्त करायची. शनिवारी ती एक जाडजूड नळी घेऊन आली.

"भाऊजी, हा खुर्ची उचलणारा अ‍ॅक्चुएटर. बटण दाबलं की यातला दांडा बाहेर येतो, दुसरं दाबलं की आत जातो. आता पातं हा उचलेल."

तिने नळी ट्रॅक्टरला बसवली, लोखंडी पट्टीने पात्याला घट्ट जोडली, बॅटरीची वायर ओढली. बटण दाबताच पातं गुरगुरत वर आलं. काकूंनी टाळ्या वाजवल्या. काका फक्त "हं" म्हणाले. त्यांच्या हिशेबी हे तोंडभरून कौतुकच होतं.

रविवारी सकाळी मैदानावर पहिलीच फेरी मारली आणि काकांच्या काळजात चर्र झालं. उंचवटा आला तरी पातं वर सरकेना. ते तसंच मातीत घुसलं आणि वीतभर खोल चर पडला.

"तुझ्या खुर्च्यांनाच बसव असली खेळणी!" काका गरजले. "माझं मैदान नासवलंस!"

मेहुणीने जुन्या दांड्यावर हात ठेवला.

"भाऊजी, पातं खाली सोडल्यावर तुम्ही हा दांडा धरून ठेवायचात?"

"छे! सोडून द्यायचो. मग पातं आपलं जमिनीच्या कलाने चालतं."

"मग हे मला आधी नाही का सांगायचं?"

काका ओशाळले. "मला तरी कुठे ठाऊक होतं? हाताला ठाऊक होतं."

तिने पट्टी काढली आणि तिथे साखळी लावली. उचलताना साखळी ताठ, खाली सोडल्यावर सैल. पातं पुन्हा जमिनीच्या कलाने चालू लागलं. संध्याकाळपर्यंत दोघांनी मिळून चर बुजवला, काकांनी डाव्या हाताने. माफी मात्र त्यांनी मागितली नाही.

सोमवारी मॅनेजरबाई कडेला उभ्या राहून बघत होत्या. दर वळणाला पातं उचललं जात होतं, पुन्हा अलगद टेकत होतं.

"छान झालं. तुम्ही मैदानच सांभाळा," बाई म्हणाल्या. काकांचा जीव भांड्यात पडला. "पण हे बसवलं कुणी?"

कुंपणापाशी मेहुणी पाना हातात घेऊन उभी होती, न जाणो काही बिघडलं तर. काका ट्रॅक्टरवरून उतरले.

"या माझ्या मेहुणीने. काल मी हिला नाही नाही ते बोललो, तरी आज कामाचा खाडा करून ही माझ्या आधी इथे हजर. माझं चुकलं. फार उपकार आहेत हिचे माझ्यावर."

मेहुणीचे डोळे भरून आले. ते लपवायला तिने मान खाली घातली आणि पात्याकडे बोट दाखवलं. "भाऊजी, साखळी जरा तिरकी बसलीय. सरळ करून देऊ?"

लेव्हलकाकांनी वाकूनसुद्धा बघितलं नाही.

"असू दे," ते म्हणाले.