घरी आलेलं सरकार

परतूरजवळच्या एका गावात आम्ही निवडणुकीचे कर्मचारी एका थकलेल्या आजींचं मत घ्यायला त्यांच्या घरी गेलो होतो. दारात आम्ही चपला काढल्या, तशा आजी आमच्या पायांकडे बघतच राहिल्या.

“निजामाच्या राज्यात सरकारचा मानूस आला की माय आम्हाला कणगीमागं लपवायची,” त्या म्हणाल्या. “आज सरकार चपला काढून आलं.”

मतपत्रिकेवर खूण करायची वेळ आली, तसा आजींचा मुलगा त्यांचा हात धरायला पुढं झाला.

“न्हाई, तू भायेर थांब. माझं मी बराबर करते.”

पुठ्ठ्याच्या आडोशामागं त्या बराच वेळ बसल्या. आम्हीही घाई केली नाही.

निघताना त्यांनी माझ्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. सरकारची दृष्ट काढलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो.