सडकेच्या कडेवरचा मक्का

मक्का माझा होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर हे लपवा म्हणून मला लय जणांनी सांगितलं, मी लपवलं नाही, आणि पुढची सारी भांडणं त्यावरूनच झाली.

आमची वस्ती मध्यप्रदेशातल्या सौंसरच्या बाहेर, सडकेला लागून. पहिले सडक लहान होती. दोन्ही बाजूंनी मातीची पटरी, बाभळीची सावली. बाया पायदळ शेतात जात, कंपनीतले मजूर सायकलीनं जात. मग सडक रुंद झाली. बाभळी गेल्या, पटरी डांबराखाली गेली. डांबर संपलं की नाली, नालीच्या पलीकडं काटेरी तार. चालणाऱ्याला उरला तो पांढऱ्या पट्ट्याबाहेरचा दोन हातांचा तुकडा. आणि तेवढ्याच तुकड्यावर आम्ही मक्का वाळत घालतो.

आम्ही म्हणजे सगळेच. दिवाळीच्या आगेमागे येऊन पाहा, सडक पिवळी दिसते. थ्रेशरमधून निघालेला ओला दाणा घरात ठेवला तर काळा पडतो. गावाचं खळं होतं, तिथं प्लॉट पडले, लोखंडी कमान लागली. डांबर तापतं, दोन दिवसांत दाणा वाळतो. गाडी चढू नये म्हणून बाहेरून दगडं मांडायची. गाडीचा विचार केला. माणसानं कोठून जावं याचा विचार आमच्यापैकी एकानंही केला नाही. मीही नाही.

बायकोनं केला होता. मी दाणा पसरवून राहिलो होतो आणि ती दारात उभी.

"अवो, इथं नका पसरवू. सकाळी बायांनी जावं कोठून?"

"बाजूनं जातीन. दोन दिवसांचं तर काम आहे."

"बाजूनं कायची जागा आहे? बाजूनं टरक आहेत."

"थांब मंग, तुह्यासाठी सरकार वेगळी सडक बांधते," मी म्हणालो. वर हसलोही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोघी बायांसंगं कापूस वेचायला निघाली. मक्का आडवा आला. त्या दोघी दाण्यावरून चालत गेल्या. हिच्यानं ते होणारच नव्हतं. निवडताना जवारीचा एक दाणा खाली पडला तरी ती उचलून कपाळाला लावायची, पायाखाली येऊ द्यायची नाही. ती दगडांच्या बाहेरून गेली. मागून संत्र्याचे कॅरेट भरलेली पिकअप आली, पांढुर्ण्याकडं जाणारी, आग लागल्यासारखी पळत.

ज्यांनी दाणा तुडवला त्या दोघी आजही कापूस वेचायला जातात. जिनं अन्नाचा मान ठेवला ती गेली. यात कोणाला देवाचा न्याय दिसत असेल तर त्यानं माझ्या दारात येऊ नये. तेरवीला एक जण बोललाच, "तिची वेळ आली होती." मी त्याच्यापुढचं ताट उचललं. वेळ नव्हती आली, पिकअप आली होती.

तेरवीनंतर वस्तीतले एक रिटायर मास्तर माझ्याकडं आले. सोबत सकाळी फिरायला जाणाऱ्या चार बाया आणि सायकलीवर कंपनीत जाणारे काही जण. त्यांनी अर्ज लिहिला होता. वस्तीपासून चौकापर्यंत कठड्याची पटरी पाहिजे, सायकलही जाईल एवढी, आणि वस्तीसमोर दोन ब्रेकर. एवढंच. सोनं मागत नव्हतो. मी सही केली. माझी सही म्हणजे सात अक्षरं, त्यातलं एक नेहमी चुकते.

सडक खात्याच्या कचेरीत जायच्या दिवशी मास्तरांनी बसमध्ये मला पढवलं. "बाबा, मक्क्याचं नाव काढू नका. ते आपल्यावरच उलटवतील. गाडी जोरात होती, सडकेला पटरी नाही, बस."

साहेबानं अर्ज वाचला. मोबाईल पाहिला. परत अर्ज पाहिला.

"वो तो ठीक है. लेकिन सड़क पर मक्का किसका पड़ा था?"

मास्तर लगेच म्हणाले, "साहब, उसका इससे कोई..."

"माझा," मी म्हणालो. "मेरा था. माझ्या हातानं टाकला. माझी चूक मी घरी घेऊन बसलो आहे, साहेब, तुम्ही तुमची सांगा. जामसांवलीच्या मारुतीला पायी जाणाऱ्यांची गर्दी होते तेव्हा याच सडकेवर बांबू लागतात, दोरी लागते, पोलीस उभा राहतो. गर्दी सरली की बांबू ट्रॅक्टरमध्ये भरून परत. मारुतीकडं जाणाऱ्याचा जीव जीव आणि कापूस वेचायला जाणारीचा काय शेंगदाणा आहे?"

मागं बसलेली एक बाई फिसकन हसली. साहेब हसला नाही. "देखते हैं, बाबाजी," म्हणाला.

पाहिलं त्यांनी. पंधरा दिवसांत दोन माणसं आली आणि बोर्ड लावून गेली. सडकेवर धान्य वाळवणं मना आहे, दंड होईल. एवढा मोठा बोर्ड, दोन लोखंडी पायांचा. आणि ते पाय रोवले कोठं? त्याच दोन हातांच्या तुकड्यात. आता मक्का नसला तरी चालणाऱ्यानं बोर्डाला वळसा घालून डांबरावरच उतरावं. मास्तरांच्या मोबाईलवर निरोप आला की तक्रारीचं निराकरण झालं. मास्तरांनी तो मला वाचून दाखवला आणि मोबाईल खिशात घातला. मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

वस्तीनं मात्र बोलायचं काही बाकी ठेवलं नाही. "स्वतःचं वाळवून झालं, आता दुसऱ्याचं सडवते म्हातारा." माझ्या लहान भावाचा पोरगा शेजारीच राहतो, दोन लेकरांचा बाप आहे. तो अंगणात येऊन गरजला.

"मोठेबाबा, काऊन बोललात तिथं? कोणं विचारलं होतं तुम्हाले?"

"साहेबानं विचारलं."

"मंग खोटं बोलता नाही येत? साऱ्या जिंदगीत एक खोटं नाही बोलले का तुम्ही?"

"तुह्या मोठमायला खोटंच बोललो होतो. बाजूनं जाता येते म्हणून."

तो पायरीवरची माझी चप्पल लाथेनं उडवून गेला.

मी विचार केला. बोर्ड लावून मक्का वाळत नाही. लोकांचंही खोटं नाही, दाणा टाकायचा कोठं? घरामागं माझी अर्धा एकर संत्र्याची बाग होती, अर्धी झाडं वाळलेली. प्लॉटवाला दोन वर्षांपासून चकरा मारून राहिला होता. मी वाळलेली झाडं काढली, जमीन रोलरनं दाबून घेतली, वरून बायांकडून शेणानं सारवून घेतली. खळं झालं. कोणाचाही मक्का टाका म्हटलं. त्याच चार बायांनी आणि मी सडकेच्या कडेची माती ओढली, झुडपं तोडली, नालीच्या काठानं चालण्यापुरता मुरूम टाकला. मास्तर घमेलं उचलत आणि दर दहा घमेल्यांनंतर पंचायतीला शिव्या घालत, शुद्ध भाषेत. कोणाच्या परवानगीनं करून राहिले म्हणून एक जण मोटारसायकल थांबवून विचारून गेला. मी म्हटलं, मेलेल्या माणसाच्या. तो निघून गेला.

यंदाचा मक्का निघाला. सात-आठ जणांनी खळ्यावर आणला. पुतण्यानं नाही आणला. सकाळी उठून पाहतो तर माझ्याच घरासमोर, आम्ही मुरूम टाकलेल्या पटरीपासून पांढऱ्या पट्ट्यापर्यंत, त्याचा दाणा पसरलेला. बाहेरून दगडं. तो मोटारसायकलवर बसून दात घासत होता.

"उचल," मी म्हणालो.

"दंड भरीन मी. तुम्ही चौकीदार आहात का सडकेचे?"

"आहो."

"लोकं म्हणतात ते खरंच आहे, मोठेबाबा. डोकं गेलं तुमचं."

"गेलं. तू दाणा उचल."

तो थुंकला, पण दुसरीकडं तोंड करून. मी टोपलं आणलं. भरायचं, डोक्यावर घ्यायचं, खळ्यावर ओतायचं, परत यायचं. माझे गुडघे असे वाजत होते की त्यालाही ऐकू जात असतील. त्यानं हात लावला नाही. अडवलंही नाही. एकदा उठला, मला वाटलं येते, तर चूळ भरून परत बसला. येणारे-जाणारे पाहत होते. एक बाई म्हणाली, "बाबा, जिरवून राहिले का स्वतःची?" मी म्हटलं, हो. राग एवढा होता की टोपलं हलकं लागत होतं. साहेबाचा राग, बोर्डाचा, पिकअपचा, पोराचा, आणि सगळ्यांच्या खाली माझा माझ्यावरचा, तो काही कोणत्या खळ्यावर ओतता येत नाही.

दुपार झाली तेव्हा शेवटचे दाणे खराट्यानं ओढले. दगडं एकेक करून नालीत लोटली. कमर धरून मी पटरीच्या मधोमध उभा होतो, श्वास घेत. मागून घंटी वाजली. परत वाजली. कंपनीच्या दुसऱ्या पाळीला जाणारी एक बाई सायकलवर, हँडलला डबा लटकवलेला, माझ्यावर चिडलेली.

"ओ म्हातारबा, रस्त्यात काऊन उभे राहिले? बाजूला व्हा ना!"

मी बाजूला झालो.